मुदत आणि वहिवाट

२००९ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पुण्यातील एका विद्यार्थी-वसतिगृहाच्या कचेरीतून मला दूरध्वनी आला. बोलत होते तेथील हेडक्लार्क, ज्यांना लहानथोर सारेच भाऊसाहेब म्हणत; आणि उभा जन्म आवक-जावक बारनिशीवर घालविलेल्या माणसाला शोभेल अशा निर्विकार स्वरात त्यांनी विचारले, "प्रवेशअर्जांची मुदत काल मध्यरात्री संपली, असं आपलं ठरलं होतं ना? मग आज सकाळचे नऊ वाजले तरी अर्ज येताहेत, आणि त्यांच्यावर तारीख कालची पडते आहे, ते कसं?" ती अर्जनोंदणीची प्रणाली मीच लिहून दिली होती. धावतपळत जाऊन पाहतो तो, फ्रेमवर्कने आपण होऊन तयार करून दिलेल्या आणि मी पुरती वाचण्याची तसदी न घेतलेल्या सेटिंग्जच्या फाइलीत कालविभाग म्हणून 'अमेरिका/शिकागो' असे स्वच्छ लिहिलेले होते. उन्हाळ्यात शिकागोचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा साडेदहा तास मागे असते; म्हणजे मध्यरात्री बंद व्हावयाचे ते दार सकाळी साडेदहापर्यंत सताड उघडे राहणार होते, आणि मी दुरुस्ती करीपर्यंत सात अर्ज त्यातून आत येऊन बसलेही होते. त्या सात अर्जांचे काय करावे हा प्रश्न भाऊसाहेबांचा होता व त्यांनी तो आपल्या रीतीने सोडविला. माझ्या मनात मात्र निराळेच कुतूहल उत्पन्न झाले, आणि ते असे की, पुण्याच्या वसतिगृहात शिकागोची वेळ शिरली कोणत्या वाटेने?

ते फ्रेमवर्क जँगो या नावाचे. ज्यांचा या धंद्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, कचेरीत दर कामासाठी कोऱ्या कागदावर नव्याने रकाने आखीत न बसता छापील नमुन्यांचा गठ्ठा जसा हाताशी ठेवतात, तसा संकेतस्थळे रचणाऱ्यांच्या हाताशी असलेला तयार आज्ञावलींचा गठ्ठा म्हणजे फ्रेमवर्क होय. मागणी आली की कोणत्या पत्त्याचे काम कोणाकडे सोपवावयाचे, दप्तरातून म्हणजे डेटाबेसमधून नोंद कशी काढावयाची, ती पानावर कशी मांडावयाची आणि आत येऊ पाहणाऱ्याची ओळख कशी पटवावयाची, ही दर ठिकाणी तीच ती असणारी कामे हा गठ्ठा उरकतो, आणि विशेष असेल तेवढेच लिहिणाऱ्याने लिहावे अशी अपेक्षा असते. जँगो पायथन भाषेत लिहिलेले आहे. ते जन्मले शिकागोत नव्हे, तर तेथून पुष्कळ दूर पश्चिमेस, कॅन्सस राज्यातील लॉरेन्स नावाच्या विद्यापीठाच्या गावी. शिकागोचे नाव केवळ त्या साऱ्या मध्य कालविभागाचे नाव म्हणून संगणकाच्या दप्तरी लागलेले आहे.

लॉरेन्सचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगावयाचा तर, गुलामगिरीच्या विरोधकांनी न्यू इंग्लंडमधून वसाहतकरी पाठवून १८५४ साली हे गाव वसविले, आणि १८६३ च्या ऑगस्टात यादवी युद्धाच्या ऐन भरात क्वांट्रिल नावाच्या म्होरक्याच्या टोळीने ते जाळून बेचिराख केले. राखेतून ते पुन्हा उभे राहिले, आणि युद्ध संपता संपता तेथे कॅन्सस विद्यापीठ स्थापन झाले. बास्केटबॉलच्या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ पुढे याच विद्यापीठात आला, तेव्हापासून त्या खेळाचे वेड गावाच्या अंगी मुरलेले आहे. अशा गावी सायमन्स घराण्याने १८९१ पासून वृत्तपत्राचा व्यवसाय मांडला. दोन पत्रे एक होऊन 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हे जोडनाव सिद्ध झाले, आणि विसावे शतक सरता सरता त्याच घराण्याच्या हाती पत्राबरोबर केबल दूरचित्रवाणीही होती. गाव लहान, पण वाचक विद्यार्थी आणि प्राध्यापक. तेव्हा मोठ्या शहरांतील पत्रे इंटरनेटकडे संशयाने पाहत असता या आडगावच्या पत्राने त्यावर मनःपूर्वक पैसा आणि माणसे लावली, यात मला नवल वाटत नाही. त्यांची एक नव्हे तर तीन संकेतस्थळे होती: बातम्यांचे एक, विद्यापीठाच्या खेळांचे दुसरे, आणि तरुणांच्या संध्याकाळींसाठी, म्हणजे गावातील वाद्यवृंद, नाटके आणि मद्यगृहे यांच्या खबरबातीसाठी, तिसरे.

२००३ सालच्या शरदात या पत्राच्या वेब-विभागात दोन तरुण एकत्र आले. एड्रियन होलोव्हाटी हा वृत्तपत्रविद्येचा पदवीधर, ज्याला बातमीही लिहिता येई आणि आज्ञावलीही. आणि सायमन विलिसन हा इंग्लंडातील बाथ विद्यापीठाचा विद्यार्थी, वर्षभराच्या उमेदवारीसाठी समुद्र ओलांडून आलेला. पूर्वीची कामे पीएचपी भाषेत होत. ती आता पायथनमध्ये करावी असे दोघांच्या मनाने घेतले. वेब-सर्व्हरला पायथन जोडणारे मॉड-पायथन नावाचे एक साधन होते, परंतु ऐन गर्दीच्या दिवशी ते भार सोसेल याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून उद्या ते बदलण्याची पाळी आली तर साऱ्या आज्ञावल्या फिरून लिहाव्या लागू नयेत, एवढ्याच हेतूने त्यांनी मध्ये एक पातळ पडदा घातला. कोणतेही फ्रेमवर्क लिहिण्याचा संकल्प त्यांनी केलेला नव्हता. पडद्याला खिसे आले, खिशांचे कप्पे झाले, कप्प्यांचे कपाट झाले. आणि विलिसनची मुदत संपून तो परतण्याच्या सुमारास जेकब कॅप्लन-मॉस कामावर रुजू झाला, तेव्हा घरातली मंडळी त्या वस्तूला नुसते 'सीएमएस', म्हणजे मजकूर-व्यवस्थापनाची प्रणाली, म्हणत असत.

वृत्तपत्राच्या कचेरीत काम करणाऱ्या आज्ञावलीकाराची अवस्था कल्पनेने पाहण्यासारखी आहे. इतरत्र एखादी प्रणाली सिद्ध करावयास महिने मिळतात. येथे वार्ताहर दुपारी येऊन सांगे की, निवडणुकीच्या निकालांची, लहान मुलांच्या बेसबॉल संघांची किंवा गावातील गुन्ह्यांची शोध घेण्याजोगी नोंदवही संध्याकाळी हवी, कारण बातमी उद्या निघणार. पान सोडावयाची वेळ कोणासाठी थांबत नाही. शिवाय माहिती भरणारे हात आज्ञावलीकाराचे नसून उपसंपादकांचे आणि उमेदवार विद्यार्थ्यांचे. त्यांच्यासाठी दर वेळी वेगळे भरणा-पत्रक रचण्यास सवड कोठली? म्हणून या मंडळींनी अशी युक्ती योजिली की, नोंदीत कोणकोणते रकाने आहेत हे एकदा सांगितले की माहिती भरण्याची, शोधण्याची, सुधारण्याची सारी पत्रके फ्रेमवर्कनेच आपोआप उभी करावी. हा तो जँगोचा सुप्रसिद्ध ऍडमिन. पुण्यातील भाऊसाहेबांनी ज्या पडद्यावर बोट ठेवून मला अर्ज दाखविले तोही हाच. आणि त्याच्यावरच नव्याण्णव टक्के कचेऱ्यांचे काम भागते असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नव्हे. 'परिपूर्णतेचा ध्यास आणि मुदतीचा तगादा असलेल्यांसाठी' अशा अर्थाचे जे ब्रीद या फ्रेमवर्कने पुढे मिरविले, त्यातील मुदत ही अलंकारिक नसून त्या कचेरीतील भिंतीवरच्या घड्याळाची होती.

मूळ घराच्या खाणाखुणा अंगावरून जात नाहीत, आणि इतिहासाची आवड असणाऱ्यास त्या शोधीत बसण्यात मोठे सुख असते. संकेतस्थळाच्या पत्त्यात लेखाचे जे आखूड नाव असते त्याला जँगोत 'स्लग' म्हणतात, आणि हा वृत्तपत्रीय शब्द आहे असे त्याच्या दस्तऐवजांतच नमूद आहे; लायनोटाइप यंत्रातून जी शिशाची अखंड ओळ ओतून निघे ती स्लग, आणि त्यावरून बातमीला कचेरीपुरते दिलेले टोपणनाव तेही स्लग. आज ज्या मुलाने खिळा कधी हातात धरला नाही तोही दिवसातून दहा वेळा शिशाच्या ओळीचे नाव घेतो. तारीख छापण्याचा या फ्रेमवर्कचा मूळ नमुना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंकेतास अनुसरून असल्याने त्यात जानेवारीचे नाव आखडते आणि मार्च, एप्रिल, मे ही पूर्ण राहतात; दुपारचे बारा वाजले की तो आकडा न लिहिता 'नून' असे अक्षरी लिहितो; आणि एक ते नऊ हे आकडे अक्षरी करून देणारे एक उपकरण तर त्याच वृत्तसंस्थेच्या नावाची आद्याक्षरे मिरविते. शिकाऊ माणसाला दाखविण्याच्या उदाहरणांत वार्ताहर आणि लेख यांची जोडी आहे, मथळा आहे, प्रसिद्धीची तारीख आहे. एकाच डेटाबेसवर दोन संकेतस्थळे कशी चालवावी हे समजावताना तर लॉरेन्सची दोन स्थळे नावानिशी पुढे येतात. आणि मूलभूत सेटिंग्जमध्ये कालविभाग म्हणून शिकागो. लॉरेन्सच्या कचेरीत ती वेळ लिहिण्यात चूक ती काय? घरातल्या घड्याळात घरचीच वेळ असावयाची. घर सोडून ते घड्याळ साऱ्या पृथ्वीवर हिंडू लागले, तेव्हा कोठे भाऊसाहेबांवर दूरध्वनी करण्याची पाळी आली.

नावाविषयी एक आडवळण घेतो. होलोव्हाटी स्वतः गिटार वाजवितो, आणि १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेल्या जँगो राइनहार्ट या जाझ गिटारवादकाच्या नावावरून त्याने हे नाव ठेवले. राइनहार्ट रोमा, म्हणजे ज्यांना युरोपीय लोक जिप्सी म्हणत त्या भटक्या समाजातील. अठराव्या वर्षी गाडीस आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने अशी शैली सिद्ध केली की धडधाकट हातांचे वादक आजही तिचा अभ्यास करतात. रोमा लोकांची भाषा मुळात भारतीय आर्यकुलातील आहे हे भाषाशास्त्रज्ञांनी निर्विवाद ठरविले आहे, आणि जँगो या नावाचा अर्थ त्या भाषेत 'मी जागा होतो' असा सांगतात. तसे असेल तर आपल्या 'जाग' या शब्दाचा हा दूरदेशी गेलेला चुलतभाऊ कॅन्ससच्या वाटेने पुण्यास परत आला असे म्हणावयास हरकत नाही. लॉरेन्सच्या त्याच कचेरीने जँगोवर रचलेल्या विकाऊ प्रणालीस एलिंग्टन असे नाव देऊन जाझच्या दुसऱ्या अध्वर्यूचीही बूज राखली.

२००५ च्या जुलैत पत्राच्या चालकांच्या अनुमतीने जँगो बीएसडी परवान्याखाली जगाला मोकळे करण्यात आले. वर्षभरापूर्वी रूबी भाषेतील रेल्स हे फ्रेमवर्क बाहेर पडून त्याने मोठी खळबळ उडविली होती, तेव्हा वेळही अनुकूल होती. होलोव्हाटी त्याच वर्षी वॉशिंग्टन पोस्टच्या वेब-विभागात गेला. बाहेरचे लोक आत डोकावू लागले, आणि घरात ज्या गोष्टी सोयीच्या वाटत होत्या त्या परक्या डोळ्यांना चमत्कारिक दिसू लागल्या. मतचाचणीचा एक नमुना आपण लिहावा, तर फ्रेमवर्क त्याच्या नावाचे अनेकवचन करून एक नवे मॉड्यूल स्वतःच्याच घरात गुपचूप निर्माण करी. म्हणजे लिहावयाचे एका ठिकाणी, आणि ते सापडावयाचे भलत्याच ठिकाणी. याला तेथील लोक 'जादू' म्हणत. ही जादू काढून टाकण्यासाठी स्वतंत्र शाखा उघडून महिनोन्‌महिने काम झाले आणि २००६ च्या जुलैत ०.९५ ही आवृत्ती निघाली, तिने जुन्यावर लिहिलेली जवळजवळ प्रत्येक आज्ञावली मोडली. ना पूर्वसूचना, ना तक्रार ऐकण्याची सोय. बदलांची लांबलचक यादी आणि स्वतःचे हात, एवढ्यावर ज्याने त्याने निभावून न्यावे. आज्ञावलीचे सौंदर्य म्हणून पाहिले तर तो निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. नोंदी मागविण्याची जी सुटसुटीत रीत त्या वेळी ठरली तीच आजही चालू आहे. परंतु राज्य नवे आणि प्रजा थोडी असते तेव्हाच असे फर्मान काढता येते.

पुढील दोन वर्षांत प्रजा वाढली. ०.९६ आणि १.० यांच्यामध्ये दीड वर्षाचे अंतर पडले, आणि त्या काळात पुष्कळ लोक प्रसिद्ध आवृत्ती न वापरता सबव्हर्जन नावाच्या आज्ञावली-भांडारातील चालू प्रतच रोज उतरवून घेत, म्हणजे पाया खणत असतानाच वर बिऱ्हाड थाटीत. नोंदी शोधण्याचे सारे यंत्र ऑस्ट्रेलियातील माल्कम ट्रेडिनिक याने पुन्हा नव्याने रचले. २००८ च्या जूनमध्ये जँगो प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि सप्टेंबरात १.० निघाली. तिच्याबरोबर एक अभय-पत्र निघाले, आणि माझ्या दृष्टीने या सबंध इतिहासातील ती सर्वांत महत्त्वाची सनद आहे: येथून पुढे जे दस्तऐवजात नमूद आहे ते एकाएकी काढून घेतले जाणार नाही.

आपल्याकडील महसुली दप्तराची ज्याला ओळख आहे त्याला वहिवाट हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मालकी कोणाचीही असो, ज्या वाटेने लोक वर्षानुवर्षे बिनतक्रार ये-जा करीत आले ती वाट एका रात्रीत कुंपण घालून बंद करता येत नाही. नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते, पर्यायी वाट दाखवावी लागते. १.० नंतरच्या जँगोने नेमका हाच जाबता स्वीकारला. एखादे जुने नाव वा जुनी रीत काढावयाची ठरली की पुढील आवृत्तीत ती चालू राहते परंतु हळू आवाजात सूचना देते, त्याच्या पुढील आवृत्तीत मोठ्याने बजावते, आणि त्यानंतरच्या आवृत्तीत नाहीशी होते. पुढे तर त्या सूचनांना नावेच अशी दिली गेली की 'जँगो २.० मध्ये काढून टाकले जाईल' हे नावातच लिहिलेले असावे. बेदखलीच्या नोटिशीवर तारीख घालण्याऐवजी तारीख हेच नोटिशीचे नाव. यात एक विनोद असा झाला की, २०१० साली पायथनच्या चालकांनी अशा सर्व सूचना मूळ स्थितीत मुक्या करून टाकल्या, म्हणून ज्याने चाचण्या चालविताना त्यांना मुद्दाम वाचा फोडली नाही त्याच्या दृष्टीने नोटीस कुलूप लावलेल्या खणातच पडून राहिली. मी त्या हतभाग्यांपैकी एक होतो.

या जाबत्याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणून मी एका क्षुल्लक कंसाची हकीकत सांगत असतो. आलेला मनुष्य ओळख पटविलेला आहे काय, हे विचारण्यासाठी जँगोत एक आज्ञा होती, आणि तिच्यापुढे उघडा-मिटलेला कंस देणे आवश्यक होते, कारण कंसाशिवाय ती आज्ञा चालतच नसे. चालत नसे म्हणजे मोडत असे नव्हे. पायथनच्या नियमाप्रमाणे कंस नसलेले ते नाव केवळ 'अशी एक आज्ञा अस्तित्वात आहे' एवढेच सांगे, आणि अस्तित्वात असलेली वस्तू ही भाषा 'होय' या अर्थी धरते. परिणामी कंस विसरला की दारावरचा पहारेकरी प्रत्येकाला, अगदी नाव न सांगणाऱ्यालाही, सलाम करून आत सोडी. लिहिणारा कंस हमखास विसरे, आणि चाचणीत ओळखीचाच मनुष्य आत जात असल्याने चूक ध्यानात येत नसे. १.१० या आवृत्तीत, म्हणजे २०१६ साली, हे कलम बदलावयाचे ठरले: यापुढे कंसाशिवाय लिहावे. पण लक्षावधी ठिकाणी कंस घालून लिहिलेले होते त्यांचे काय? तेव्हा चालकांनी मुद्दाम एक द्विस्वभावी वस्तू निर्माण केली, जी कंसाशिवाय विचारली तरी खरे उत्तर देई आणि कंस घालून विचारली तरी तेच खरे उत्तर देई, फक्त दुसऱ्या वेळी कानात सांगे की ही वाट २.० पर्यंतच. २.० आली आणि ती वस्तू आपले काम संपवून निघून गेली. तिच्या नावाची आज कोणाला आठवणही नसेल.

नोंदवहीचे रकाने बदलण्याची कथा मात्र याच्या उलट, तळातून वर चढलेली आहे. पूर्वी जँगो वही एकदा आखून देई. पण मागाहून एक रकाना वाढवावयाचा झाला तर त्याचे हात वर, आणि मग आपण रात्री दोन वाजता डेटाबेसच्या भाषेत हुकूम टंकून, देवाचे नाव घेऊन, तो चालवावयाचा. अँड्र्यू गॉडविन या इंग्रज तरुणाने 'साउथ' नावाचे बाहेरचे साधन लिहून ही उणीव भरली, ते इतके रुळले की फ्रेमवर्कचाच भाग असावे असे लोकांस वाटे. २०१३ साली त्याने हे काम खुद्द जँगोत आणण्यासाठी जाहीर वर्गणी मागितली, तेव्हा अडीच हजार पौंडांच्या मागणीच्या कित्येक पट रक्कम जमली. आणि २०१४ च्या सप्टेंबरात १.७ मध्ये ती व्यवस्था दाखल झाली. वहिवाटीची सनद झाली, असे म्हणता येईल.

माझ्या वाट्यास यापैकी बहुतेक इतिहास एकदम आला. २०१८ साली एका संस्थेचे कर्मचारी-दप्तर माझ्याकडे सोपविण्यात आले, ते १.४ वर म्हणजे २०१२ सालच्या वस्तीवर होते, आणि पायथनची दुसरी पिढी २०२० च्या आरंभी निवृत्त होणार हे जाहीर झालेले होते. जँगोने तर २.० पासूनच, २०१७ च्या डिसेंबरात, त्या पिढीचा निरोप घेतला होता. एका उडीत वर जाणे अशक्य, १.८, मग १.११, मग नवे पायथन, मग २.२, अशा पायऱ्यांनी चढावयाचे आणि दर पायरीवर मुक्या सूचनांना बोलते करून त्यांची रुजुवात घालावयाची. वर्षभर माझे काम प्रामुख्याने वाचण्याचे होते. आवृत्तीबरोबर प्रसिद्ध होणारी जी टिपणे घाईचा मनुष्य ओलांडून जातो, ती मी बखरीसारखी वाचली, आणि प्रत्येक काढलेल्या शब्दामागे कोणाची तरी कोठली तरी फजिती उभी असलेली दिसली. एका कलमाने मात्र मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. एका नोंदीचा दुसरीशी संबंध जोडला असता मूळ नोंद पुसली तर जोडलेल्या नोंदींचे काय व्हावे, हे पूर्वी न सांगितले तरी चाले. न सांगितल्यास त्याही पुसल्या जात. २.० ने ते स्पष्ट लिहिणे सक्तीचे केले. दोनशेच्या वर संबंध मी एकेक तपासले, तेव्हा आढळले की एखादे पदनाम रद्द करून ती नोंद कोणी पुसली असती, तर त्या पदावरचे सारे कर्मचारी त्यांच्या रजा आणि वेतनवाढींसकट दप्तरातून नाहीसे झाले असते. सहा वर्षांत कोणी पुसली नव्हती. सरकारी धर्तीच्या कचेऱ्यांत पदनाम कधीच रद्द होत नाही, हे त्या संस्थेचे भाग्य.

एवढ्या काळात मूळ घर आणि मूळ माणसे यांच्यातही बदल झाले. २०१४ च्या जानेवारीत होलोव्हाटी आणि कॅप्लन-मॉस यांनी आपला अखेरचा निर्णयाधिकार सोडला. त्याच वर्षी प्रतिष्ठानने पगारी फेलो नेमण्यास आरंभ केला, आणि टिम ग्रॅहम याने जी किरकोळ, निरलस, कीर्तिहीन कामे उपसली त्यांमुळेच दर आठ महिन्यांनी आवृत्ती निघण्याचा नेम टिकला. ट्रेडिनिक २०१३ मध्येच निवर्तला होता. २०१६ साली सायमन्स घराण्याने वृत्तपत्र विकले. २०२० मध्ये तर गाभा-मंडळ नावाची विशेषाधिकारी जातच या लोकांनी विसर्जित केली. इनाम-वतने खालसा झाली आणि बंड झाले नाही, याचे श्रेय मी काही अंशी तरी पूर्वसूचनेच्या त्या अंगवळणी पडलेल्या सवयीला देतो. मध्यंतरी फ्लोरिडातील एका पत्राने याच फ्रेमवर्कवर 'पॉलिटिफॅक्ट' हे संकेतस्थळ उभारून पुलित्झर पारितोषिक मिळविले, इन्स्टाग्रामने त्यावर आपला अवाढव्य संसार मांडला, आणि भाषांच्या यादीत मराठीही येऊन बसली. असमकालिक कामकाजाचा नवा मार्ग ३.० पासून खुला होऊ लागला आहे. मला त्याचे अजून फारसे प्रयोजन पडलेले नाही.

पूर्वसूचनेची ती सवय पुढेही सुटली नाही. ५.० मध्ये अर्जातील संकेतस्थळाचा पत्ता सुरक्षित समजण्याची नवी रीत लवकर अंगीकारू इच्छिणाऱ्यांसाठी एक सेटिंग देण्यात आले, आणि ज्या दिवशी ते जन्मास आले त्याच दिवशी ते काढून टाकण्याची नोटीसही त्यावर चिकटविलेली होती. त्याच आवृत्तीत कालविभागांचे भान ठेवणे हा मूळ नियम ठरला. नव्या प्रकल्पाची सेटिंग्जची फाइल आता शिकागोऐवजी जागतिक प्रमाणवेळ लिहून देते. परंतु आत, खोल तळघरात, ज्याने काहीच सांगितले नाही त्याच्यासाठी ठेवलेल्या मूळ सेटिंग्जच्या फाइलीत आजही 'अमेरिका/शिकागो' हीच वेळ आहे. ती बदलली तर जगात कोठेतरी कोणाच्या तरी नोंदी पाच-सहा तासांनी सरकतील. नवा प्रकल्प उघडला की मी सर्वांत आधी ती ओळ लिहितो: 'एशिया/कोलकाता'. पहिली काही वर्षे हातातून 'कॅलकटा' असेच उतरे.

त्या सात अर्जांचा निकाल भाऊसाहेबांनी त्याच दिवशी दिला होता. साडेदहाच्या सुमारास मी घड्याळ दुरुस्त करून, ओशाळून, ते अर्ज रद्द समजावे असे त्यांस म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपलं दार उघडं होतं म्हणून पोरं आत आली," ते म्हणाले, "त्यांना काय माहीत आपलं घड्याळ अमेरिकेचं आहे ते? अर्ज दाखल करून घ्या. पुढच्या साली जाहिरातीत तारखेपुढं वेळ लिहा, आणि महिनाभर आधी लिहा." बारनिशीत त्यांनी ते सातही अर्ज स्वतःच्या हाताने चढविले, आणि तारखेच्या रकान्यात लाल शाईने ३१ मे असे लिहिले.